गुवाहाटीची खोली

ठेवा रे तो मोबाईल जरा खाली. मघापासून बघतोय मी. हंपीला जायचं तुम्ही, दोन रात्री राहायचं, आणि एका खोलीसाठी केवढा खल चाललाय. ह्या लॉजचा पंखा वाजतो, त्याला खिडकी नाही, तिसऱ्याच्या गादीवर कुणाला तरी डाग दिसला. अरे, दिवसभर उन्हात हिंडून येऊन झोपायचंच आहे की. ठरवा आणि मोकळे व्हा. खोली ठरवायचं काम लांबवू नये. का म्हणाल तर सांगतो. बसा. तो कट्ट्यावरचा दिवा बंद करा, किडे येतायत. आणि मधे मधे बोलायचं नाही, मला राग येतो.

ही गोष्ट मी कुठं वाचलेली नाही, कुणाच्या मावसभावाच्या मित्राचीही नाही. आपल्या ह्याच कॉलनीतली आहे. ते कोपऱ्यावरचं पिवळ्या गेटचं घर... व्हय, एकनाथरावांचं. सकाळी दूध आणायला जाताना तुम्ही बघता त्यांना. ह्यातलं निम्मं त्यांनी स्वतः मला सांगितलंय आणि उरलेल्याला मी शेजारी म्हणून साक्षीला आहे. ते खोटं बोलणारे गृहस्थ नाहीत. जन्मभर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. खोटं बोलायचं झालं तर आधी अर्ज करतील आणि मग बोलतील.

घरात एकनाथराव आणि रुक्मिणीवहिनी, दोघंच. पोरगी एक, श्रावणी, ती लग्न होऊन पुण्याला. वहिनी सांगोल्याकडच्या. इतकी वर्षं सोलापुरात काढली, पण बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. आणि त्यांनी मनात एक घेतलेलं होतं, गुवाहाटीला जायचं. हसू नका. गुवाहाटी म्हटलं की तुम्हाला आमदार आठवतात, त्यांना कामाख्या आठवायची. तुळजापूर झालं, कोल्हापूर झालं, माहूर झालं, आता तिची ओटी भरायची म्हणायच्या. आणि दुसरं म्हणजे तिकडचे चहाचे मळे. दिवसातून पाच वेळा चहा लागायचा त्या बाईला. 'जन्मभर चहा प्याले, त्याचं झाड कसं असतंय ते एकदा बघू द्या की,' असं म्हणायच्या.

एकनाथराव नको म्हणाले का? कधीच नाही. तिथंच तर घोळ आहे. रोज रात्री जेवणं उरकली की त्यांची बैठक सुरू व्हायची. हॉलमध्ये खिडकीशी ह्यांची खुर्ची, स्वयंपाकघराकडं पाठ करून. हातात मोबाईल, नाकावर चष्मा. आत वहिनी ओटा पुसतायत, भांडी पालथी घालतायत. हे एकेका लॉजचं मोठ्यानं वाचणार आणि त्या आतून उलटतपासणी घेणार. स्टेशनपासून किती लांब? कमोड हाय का, माझे गुडघे वाकत न्हाईत. जिना किती हाय? देवळाकडं जायला रिक्षा मिळती का? मी आमच्या हिला गॅस संपत आलाय का एवढं विचारलं तरी आमचं वाजतं, आणि ह्या दोघांची न बघितलेल्या गावातल्या न बघितलेल्या खोलीवर तासभर चर्चा. रस्त्यावरून जाताना ऐकू यायचं. खरं सांगतो, बरं वाटायचं ऐकून.

वहिनी दोन-चार प्रश्नांत पसंत करून टाकायच्या. घ्या की हे, बरं हाय, म्हणायच्या. मग एकनाथराव म्हणणार, थांब, पुढच्या महिन्यात दर उतरतील. पुढच्या महिन्यात तिकडं पाऊस. पाऊस सरला की गर्दी. गर्दी ओसरली की इकडं श्रावणीचं काहीतरी निघायचं. माणूस वाईट नव्हता, आणि कंजूषही मी म्हणणार नाही. पण ठरवण्यातच त्यांचा जीव रमायचा. दहा ठिकाणं बघायची, एकाला दुसऱ्याशी ताडून बघायचं, ह्याचं हे चांगलं आणि त्याचं ते वाईट. ठरलं की मजा संपली, असलं काहीतरी त्यांचं होतं. मी एकदा म्हणालोसुद्धा, एकनाथराव, गुवाहाटीचे रस्ते पाठ झाले तुम्हाला, आता पाय तरी ठेवून या. हसले. अशी रिटायर झाल्यापासूनची सगळी वर्षं गेली.

मागच्या नवरात्राच्या तोंडावर वहिनींना ताप आला. साधा ताप. तो उतरेना म्हणून दवाखाना, मग मोठा दवाखाना, मग काचेपलीकडची ती खोली, जिथं नातेवाइकांना आळीपाळीनं सोडतात. शेवटच्या संध्याकाळी एकनाथरावांना आत सोडलं, तेव्हा वहिनींनी डोळे उघडले आणि विचारलं, 'ठरलं का वो?' एकनाथराव म्हणाले, 'ठरवतो गं, तू आधी बरी हो.' मोबाईल त्यांच्या खिशातच होता. बटण दाबायचं काम होतं. पहाटे वहिनी गेल्या.

त्या माणसाचं काय झालं असेल ते तुम्हाला ह्या वयात कळायचं नाही, आणि लवकर कळूही नये.

दिवस झाले, श्रावणी राहून गेली. बाबा, पुण्याला चला, म्हणून तिनं परोपरीनं विनवलं, पण हे हलले नाहीत. रोज संध्याकाळी घराला कुलूप लावून उगाच लांब लांब चालत जायचे. एवढ्यात त्यांच्या हातून मोबाईल पडला आणि काच फुटली. तो त्यांनी सात रस्त्याला दुकानात टाकला आणि आणायला काही जाईनात. श्रावणी रोज मला फोन करायची, काका, बाबा बरे आहेत का? शेवटी मीच मागं लागलो. दत्तजयंतीचा दिवस होता, गेल्या डिसेंबरातला. म्हटलं, संध्याकाळी फिरायला जाताच की, तेवढं काम करून या.

गेले. मोबाईल घेतला. येताना दत्ताच्या देवळात टेकले, सुंठवडा आणला, चिमूटभर मलाही दिला. घरी जाऊन दुधात पोळी कुस्करून खाल्ली आणि खुर्चीत बसून काच नीट बसलीय का, बोट चालतंय का, ते बघायला लागले. बोट कुठंतरी लागलं आणि मागं कधीतरी बघून ठेवलेलं पान समोर आलं. गुवाहाटीचंच. निळ्या भिंतींचा एक लॉज.

आता सवय काय असते बघा. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. दुसरा मजला, लिफ्ट आहे. देवळाकडं जायला खालूनच बस.

आणि आतून आवाज आला.

'कमोड हाय का बघा.'

'आहे गं,' एकनाथराव म्हणाले.

म्हणाले... आणि थांबले.

घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. बाहेर चांदणं पडलेलं आणि कुणाच्या तरी घरी दत्ताची आरती चाललेली. ते उठले. आत जाऊन दिवा लावला. ओटा कोरडा. सकाळी पालथी घातलेली चार भांडी तशीच. मागच्या दाराला आतून कडी. त्यांनी पाण्याच्या पिंपामागंसुद्धा वाकून बघितलं. परत येऊन खुर्चीत बसले, पण पुन्हा वाचायचं काही धाडस झालं नाही. घरातले सगळे दिवे चालू ठेवून झोपले. झोपले कसले, पडून राहिले.

दुसऱ्या रात्री मात्र वाचलं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं दुसरं काहीतरी त्यांना त्या खुर्चीत नेऊन बसवत होतं. वाचलं आणि वहिनी बोलल्या. तोच आवाज, तोच ठसका. जिना किती हाय, गादी कशी हाय, खिडकीतनं काय दिसतंय.

काय रे, मागं काय बघतोस? बस नीट.

हळूहळू त्यांच्या लक्षात एकेक आलं. मोठ्यानं वाचलं तरच ती बोलते. गुवाहाटीच्या खोलीवेगळं काही बोलत नाही. कशी आहेस, कुठं आहेस असं विचारलं की आत सगळं गप्प. आणि वळून बघायचं नाही. वळलं की त्या रात्रीपुरतं संपलं. आणखी एक लक्षात आलं होतं, पण ते त्यांनी स्वतःशीही उघड म्हटलं नाही. ती एका कामासाठी आली होती. खोली ठरायची होती. खोली ठरली की तिचं इथलं काम सरणार होतं.

मग काय? ठरवतो कोण? हा लॉज गल्लीत आहे, त्याचे पडदे मळके आहेत, त्याच्याबद्दल कुणीतरी वाईट लिहिलंय. वहिनी आतून म्हणायच्या, बरं हाय की, घ्या. आणि हे म्हणायचे, उद्या बघू, अजून चांगलं मिळेल. पूर्वी सवय म्हणून म्हणायचे, आता जीव तोडून म्हणायचे.

आणि तो माणूस सुधारला, बघा. रोज दाढी करायला लागले. मंडईत दिसायला लागले, माझ्याशी थट्टा करायला लागले. रात्री त्यांच्या खिडकीतून बोलणं ऐकू यायचं, मला वाटायचं श्रावणीशी फोनवर बोलतायत. मी आमच्या हिला म्हटलं, एकनाथराव सावरले. माणसाची पारख आहे मला असं मी समजतो, त्यातली ही एक.

महिना सरत आला तेव्हा पहिल्यांदा खटकलं. वहिनी तोच प्रश्न परत विचारायला लागल्या. कमोड आहे का? आहे म्हणून सांगितलं. जरा वेळानं परत, कमोड आहे का? एकनाथरावांना वाटलं, चालायचंच, वय झालंय. आणि मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. आता वय कसलं?

मग देवी कुठली ते आठवेना. चहाचं झाड बघायचं होतं, ते आठवेना. ह्यांनी मळ्याचं वाचून दाखवलं, तर आतून म्हणाली, कसला मळा? सांगोल्याचं नाव काढलं, तर गप्प. एका रात्री एकनाथराव म्हणाले, मोठी खोली घेऊ, श्रावणीलाही नेऊ बरोबर.  मग आवाज आला.

'श्रावणी कोन?'

'अगं, आपली पोरगी.'

'...असंल.'

असंल म्हणाली. जी पोरगी सासरी निघाली तेव्हा ही बाई दोन दिवस जेवली नव्हती, तिच्याबद्दल.

आणि आवाज आता ओट्यापाशी राहिला नव्हता. उंबऱ्याशी आला होता. पुढं उंबऱ्याच्या अलीकडं. तिच्यातली ती रोज थोडी कमी होत होती आणि आवाज रोज थोडा जवळ येत होता. ठसका गेला. सांगोला आठवणीतून गेलं. राहिला एवढाच प्रश्न. ठरलं का? आणि जरा वेळानं परत. ठरलं का?

तेव्हा ते माझ्याकडं आले. आपल्याकडं पाण्याचा दिवस असला की सगळी कॉलनी भल्या पहाटे उठलेली असते, तशी मीही टाकीत पाईप सोडून कुंपणाशी उभा होतो. एकनाथरावांनी कुंपणाच्या पलीकडून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, काही नाही, ऑफिसातलं प्रकरण समजावून सांगावं तसं सांगितलं. मला भीती वाटली का? वाटली की. त्यांच्या घराकडं पाठ करून मला उभं राहवेना. पण मी म्हटलं, एकनाथराव, मग ठरवून टाका. त्या तेवढ्यासाठीच अडकल्यात. का उभं करून ठेवलंय त्यांना?

 'ठरवलं की ती जाईल, सिद्रामप्पा,' ते म्हणाले. 'एकदा गेली ती गेलीच. आता परत मीच माझ्या हातानं घालवू का?'

 बोलणं सोपं असतं. माझी बायको आत चहा टाकत होती, मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.  टाकी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं, तरी आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नाही.

मग आली भोगी. तेरा जानेवारी. दुपारी सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता पडल्या होत्या आणि निम्मं सोलापूर गड्ड्यावरच्या जत्रेत लोटलं होतं. कॉलनी रिकामी. मीही नातवंडांना पाळण्यात बसवायला घेऊन गेलो होतो. आमच्या घरून एकनाथरावांना भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी दिली होती, ती त्यांनी खाल्ली. हात धुतला. दहा वाजून गेले असतील. खुर्चीत बसले, मोबाईल उघडला आणि वाचायला सुरुवात केली.

आतून काही नाही.

एक पान वाचून झालं. दुसरं वाचलं.

काही नाही.

गड्ड्यावरचा भोंगा लांबून ऐकू येत होता. तो थांबला. रस्त्यावर कुत्रंही नाही. त्यांनी तिसरं पान वाचलं. आवाज त्यांचाच, पण त्यांनाच परका वाटायला लागला.

मग मागं.

खुर्चीच्या अगदी मागं.

'कोन हाय?'

त्यांच्या मानेला गार लागलं. वळायचं नाही... वळायचं नाही...

'मी,' ते म्हणाले.

'मी कोन?'

 त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला.

'हितं...' आवाज थांबला. परत आला. 'हितं एकनाथ ऱ्हातात का?'

पोरांनो, तुमच्या बायका तुम्हाला नावानं हाक मारतील, मारू देत. पण त्या बाईनं आख्ख्या संसारात नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही तोंडाला पदर लावून. एरवी अहो. दवाखान्यात नाव विचारलं तर शेजारच्या बाईला सांगायला लावायची. आणि आता ती ते नाव घेत होती. अनोळखी गल्लीत येऊन, दारात उभं राहून, पत्ता विचारावा तसं.

'राहतात,' एकनाथराव म्हणाले.

'त्यांनी खोली ठरवायची हाय. माझ्यासाठी. मी... माझं नाव मला न्हाय आठवत. त्यांला ठावं हाय. लई येळ झाला वो. उभं ऱ्हाऊन पाय भरून आल्यात. तुमी वळखता का त्यांला?'

'...ओळखतो.'

'सांगाल?'

'सांगतो.'

रडणं येत होतं.  काच नीट दिसत नव्हती. निळ्या भिंतींचा लॉज. तारीख, पहिली मिळाली ती. दर बघितला नाही. माणसं किती, असं विचारलं. दोन. दाबलं. काचेवर चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मागं कुणीतरी उभं होतं. श्वास नव्हता. नुसतं उभं.

चक्र थांबलं.

'ठरलं,' ते म्हणाले. 'ठरलं गं, रुक्मिणी.'

काही नाही.

'बरं' नाही. 'हूं' नाही.

मानेचा गारठा गेला. ते वळले. भिंत. कॅलेंडर. उघडं दार आणि पलीकडं अंधारातला ओटा...

आम्ही गड्ड्यावरून परत आलो तेव्हा ते पायरीवर बसले होते, त्या थंडीत नुसत्या बनियनवर. मी पोरांना आत पाठवलं आणि त्यांच्याशेजारी टेकलो. एकनाथरावांना मी रडताना तोवर बघितलं नव्हतं. वहिनींच्या वेळीही नाही, तेव्हा ते लाकडासारखे उभे होते. त्या रात्री लहान पोरागत रडले. म्हणाले, 'गेली त्याचं काही नाही, जायलाच पाहिजे होती. मीच तिला ताटकळत ठेवली, तिचं सगळं पुसून जाईपर्यंत. पण मला न ओळखता गेली हो, सिद्रामप्पा. एका परक्या माणसाला निरोप सांगून गेली.'

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या पलीकडं माणसाच्या हातात असतं काय?

जायचं तर होतंच, खोली घेतली होती. मी येते, असं श्रावणी म्हणाली, तिला नको म्हणाले. मी म्हटलं, मी येतो, तर मलाही नको. ओटीचं सामान एका पिशवीत घेतलं, खण, नारळ, वहिनींनीच कधी काळी आणून ठेवलेलं हिरवं लुगडं. मी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी सुटताना त्यांनी हात हलवला नाही, समोरच्या रिकाम्या जागेकडं बघत बसले होते.

गाड्या बदलत बदलत तिसऱ्या दिवशी पोचले. थंडीत तिकडं पाच वाजताच अंधार पडतो म्हणे. लॉज चित्रातल्यासारखाच निघाला, निळा. खाली जाडजूड मालक जेवत बसलेला, भला माणूस. त्यानं किल्ली दिली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत माफी मागितली, पाणी तापवायचं यंत्र बंद पडलंय, सगळ्या लॉजमध्ये कुठंच गरम पाणी नाही, उद्या बघतो. एकनाथराव म्हणाले, चालेल. दुसरा माणूस कुठाय, असं मालकानं विचारलं. मागून येतेय, असं ह्यांनी सांगून टाकलं. खोली सकाळी झाडून घेतली तेव्हापासून कुलूपबंद आहे, चादरी धुतलेल्या आहेत, एवढं सांगून तो परत आपल्या जेवणाला लागला.

हे वर गेले. कुलूप काढलं. पलंग, दोन उशा, लावलेली खिडकी. पिशवी खाली ठेवली. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं.

फटीतून काहीतरी पांढरं येत होतं.

त्यांनी दार ढकललं.

बादली होती. काठोकाठ भरलेली. वाफ निघत होती. प्लास्टिकचा मग तिच्या शेजारी पालथा ठेवलेला. फरशी कोरडी.

एकनाथरावांना कढत पाणी सोसत नाही, अंगावर पित्त उठतं. लग्न होऊन आल्या आल्या वहिनींच्या ते लक्षात आलं, तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या आंघोळीचं पाणी त्याच काढायच्या. आधी कढत, मग वरून गार पाण्याचं विसण, मग कोपर बुडवून बघायचं आणि मगच हाक मारायची. ते माप दुसऱ्या कुणाला जमलं नाही. श्रावणीला नाही, खुद्द एकनाथरावांना तर नाहीच. वहिनी गेल्यापासून ते गारच पाणी अंगावर घेत होते.

त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत.

विसण घातलेलं होतं. पाहिजे तेवढंच.

एकनाथराव म्हणाले, मी तिथंच फरशीवर बसलो आणि पाणी निवेपर्यंत हात बाहेर काढला नाही.